मुकादमाची वही आणि क्लाउडवरचे दफ्तर

ग्राहकांचे दफ्तर कपाटातून उचलून क्लाउडवर नेऊन ठेवण्याचा जो उद्योग सॅन फ्रान्सिस्को येथील सेल्सफोर्स कंपनीने १९९९ साली आरंभिला, त्याची कीर्ती सिंदफणेच्या काठी आमच्या शिरूर कासारास पोहोचण्यास अंमळ विलंब झाला खरा. परंतु ज्या ‘मास्टर-डिटेल’ नात्याचा तेथे एवढा गौरव होतो, ते येथील ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत कैक हंगाम बिनबोभाट नांदत आहे, हे त्या विद्वानांस कोणी कळविलेले दिसत नाही.

या नात्याचे शास्त्र असे, की धन्याच्या नोंदीवाचून आश्रिताची नोंद जन्मासच येत नाही, ती कोणी पाहावी हे धन्याच्याच नोंदीवरून ठरते, आणि धन्याची नोंद खोडली की आश्रिताचीही आपोआप पुसली जाते. पहिली दोन कलमे वहीत बरहुकूम पाळली जातात. तिसऱ्यात मात्र वहीने यंत्रावर मात केली आहे: हंगामाआधी घेतलेल्या उचलीची न फिटलेली बाकी पुढल्या हंगामाच्या पानावर चालत जाते, आणि मजूर मेलाच तर ती वारसांच्या दारी उभी राहते. इतकी चिरंजीव नोंद घडविणे अद्याप कोणा अभियंत्यास साधलेले नाही.

खरी पंचाईत कोयत्याची. यंत्राला माणूस हवा तो एकेक. येथे नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, एकटा गडी अर्धाच भरतो, उचल नवऱ्याच्या हाती पडते, आणि बायकोने मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरली तरी वहीत तिच्या नावाचा रकाना नसतो. सल्लागार म्हणेल, दोघांच्या मध्ये त्यांस जोडणारा एक ‘जंक्शन ऑब्जेक्ट’ घाला. तो आम्ही हंगामापूर्वीच, अनेकदा मुलीचे वयही न विचारता, घालून मोकळे होतो.

त्या यंत्रातून डेटा बाहेर काढावा तर प्रत्येक ऑब्जेक्टची सीएसव्ही फाइल निराळी निघते आणि नात्यांच्या जागी अठरा-अठरा अक्षरांचे क्रमांक उरतात. दिवाळीच्या सुमारास ट्रक भरले की तालुक्यातही आईबाप कारखान्याच्या कोपीवर, म्हातारी गावी आणि पोर हंगामी वसतिगृहात, अशा तीन फाइली होतात. त्या जुळविण्याचे काम गाळप संपून पट्टा पडेपर्यंत कोणाकडेच नसते.

सरकारनेही गणना मनावर घेतली आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी मजुरांच्या नोंदी ग्रामसेवकांनी कराव्यात असे ठरले. निधी मात्र डोक्यांवर न बेतता गाळलेल्या उसावर बेतला, टनामागे १० रुपये कारखान्याचे आणि तितकेच शासनाचे. ही दूरदृष्टीच म्हणायची, कारण ऊस वजनकाट्यावर न चुकता हजर होतो.

राहता राहिला वही क्लाउडवर चढविण्याचा प्रस्ताव. मुकादम मंडळींची त्यास तत्त्वतः हरकत नसावी. फक्त मजुराला स्वतःचा हिशेब उतरवून घेता येईल असे एखादे बटण त्यात आहे काय, एवढी चौकशी ते आधी करतील.