किल्लेदार

कुलपाची योग्यता आतील ऐवजावरून ठरवावी, हा व्यवहाराचा जुना संकेत आमच्या सोसायटीतील किल्लेदारांना सर्वथा अमान्य आहे. त्यांच्या मते कुलूप हीच मुख्य वस्तू असून ऐवज ही गौण बाब होय. सिल्वासाच्या टोकरखाडा भागातील ज्या इमारतीत ते आणि आम्ही समोरासमोर राहतो, तेथे चोरी झाल्याचे कोणाच्याही स्मरणात नाही. तरीही बैठकीतील भिंतीच्या कपाटात, वहिनींनी दिवाळीच्या फराळासाठी मुक्रर केलेल्या कप्प्यातून डबे बेदखल करून, त्यांनी भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला जो एक जुना संगणक सर्व्हर म्हणून स्थापिला आहे, त्याच्याभोवती चौक्या-पहाऱ्यांचा असा काही बंदोबस्त आहे की, ‘किल्लेदार’ हा किताब त्यांना सोसायटीने एकमुखाने बहाल केला, आणि त्यांनीही तो, देणाऱ्यांच्या हेतूची चौकशी न करता, प्रसन्न मुद्रेने स्वीकारला.

व्यवसायाने किल्लेदार पिपरियाच्या औद्योगिक वसाहतीतील एका कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या खात्यावर आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रांची शुश्रूषा करायची, एका बेअरिंगसाठी मागणीपत्र भरून तीन वरिष्ठांच्या सह्यांची प्रतीक्षा करायची, आणि चौथ्याने ते नामंजूर केले म्हणजे ‘आज्ञेप्रमाणे’ असा शेरा मारून परतायचे, हा ज्याचा दिनक्रम, त्याला संध्याकाळी घरी येऊन काळ्या पडद्यावर ‘रूट’ या सर्वाधिकारी नावाने प्रवेश करताना केवढे समाधान होत असेल, हे नोकरदार वाचकांना सांगावयास नको. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने १९९१ साली केवळ छंद म्हणून जाहीर केलेल्या लिनक्स प्रणालीवर आज जगातील मोठमोठे कारभार चालतात; परंतु किल्लेदारांच्या लेखी तिचे खरे ऐतिहासिक कार्य हे की, तिने पिपरियातील एका पगारदार माणसास सायंकाळी सातपासून झोपेपर्यंत सार्वभौमत्व मिळवून दिले.

या सर्व्हरच्या डिस्कमध्ये काय आहे, याची मोजदाद आम्ही वहिनींच्या तोंडून ऐकली आहे. लग्नाची छायाचित्रे, सासूबाईंच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे, फ्रिज व घरघंटी यांची हमीपत्रे, कन्येच्या गुणपत्रिका, मामलतदार कचेरीतून मिळविलेला अधिवासाचा दाखला, आणि दुधनीच्या जलाशयावरील सहलीचे एक चलच्चित्र, ज्यात आरंभापासून अखेरपर्यंत किल्लेदारांचा अंगठा दिसतो. या ऐवजाच्या रक्षणार्थ, अमेरिकेच्या शासनाने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएस पद्धतीचे कूटलेखन योजिलेले आहे. ज्या मुख्य किल्लीने ही सर्व अक्षरे पुन्हा सुवाच्य व्हावयाची, ती डिस्कच्या आरंभी ‘लक्स’ पद्धतीच्या हेडरात स्वतःच कुलूपबंद असते. हेडर नष्ट झाले की पासवर्ड तोंडपाठ असूनही मालक आणि चोर एकाच पायरीवर येतात. शिवाय प्रत्येक पासवर्ड तपासताना यंत्राने दोनेक सेकंद मुद्दाम घाम गाळावा, म्हणजे कोट्यवधी शब्द लावून पाहणाऱ्या चोराचे आयुष्य त्यातच सरावे, अशी तरतूद आहे. “अहो, पण चोर आला तर तो अख्खा डबाच उचलून नेईल की,” असे वहिनींनी एकदा निदर्शनास आणले, तेव्हा किल्लेदार शांतपणे म्हणाले, “नेऊ दे. पण दुधनीची सहल त्याला दिसायची नाही.” 

अधिकार म्हणजे काय, हे समजावून देताना किल्लेदार संगणकाची पुस्तके उघडीत नाहीत. ते सिल्वासाचा इतिहास उघडतात. सोसायटीच्या सभेत चिटणिसांनी सामायिक हिशेबाच्या वहीत परस्पर खाडाखोड केली, तेव्हा किल्लेदारांनी जे व्याख्यान दिले ते आम्हांस आजही स्मरते. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने पोर्तुगीजांना या मुलखात बारा हजार रुपयांचा वसूल लावून दिला. तो सरंजाम होता, मालकी नव्हती. “म्हणजे वाचण्याची परवानगी दिली, लिहिण्याची नाही,” किल्लेदार चिटणिसांकडे रोखून पाहत म्हणाले. १९५४ च्या ऑगस्टात येथील पोर्तुगीज अंमल उठला, वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, आणि १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही करता यावी एवढ्यासाठी बडलाणी नावाच्या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते येथील पंतप्रधान करण्यात आले. ही घटना किल्लेदारांच्या विशेष प्रेमातील आहे, कारण लिनक्समध्ये सामान्य माणसास एका कामापुरते सर्वाधिकार देणारी ‘सुडो’ नामक जी आज्ञा आहे, तिचा इतका निर्दोष नमुना राज्यव्यवहारात दुसरा नसल्याचे त्यांचे मत आहे.

फायरवॉलचा धडा मात्र त्यांनी थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून घेतलेला आहे. दमणहून दादरा व नगर हवेलीस जाण्यासाठी भारतीय भूमीतून वाट मिळावी, म्हणून पोर्तुगालने १९५५ साली फिर्याद गुदरली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मान्य केली, फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नाकारली, आणि १९५४ साली ती वाट अडविण्यात भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही असेही ठरविले. “हे माझे नियमपत्रक,” असे म्हणून किल्लेदार आपल्या राउटरवरील यादी दाखवितात. तिच्यानुसार पाहुण्यांच्या फोनला वाय-फाय मिळते, परंतु सर्व्हरचे दर्शन घडत नाही. आणि नव्या दूरदर्शन संचाला चित्रपट आणण्याची मुभा असली, तरी घरातील बातमी बाहेर नेण्याची नाही. इंटरनेट पुरविणारी मंडळी अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, या गोष्टीचे मात्र त्यांना आपल्या घराचा सातबारा दुसऱ्याच्या नावे निघावा तितके दुःख आहे.

गतवर्षी आषाढात एका रात्री पावसाने वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली आणि सर्व्हर निमाला. यंत्र बंद पडलेच आहे, तर कित्येक दिवस आणून ठेवलेले नव्या डिस्कसाठीचे कार्ड बसवून घ्यावे, असा सुविचार किल्लेदारांच्या मनात आला, आणि या जातीच्या माणसांवरील बहुतेक अरिष्टांचा उगम ‘बंद पडलेच आहे तर’ या शब्दांत असतो. सकाळी वीज आली. कपाटात पडदा वा कीबोर्ड नसल्याने, रिवाजाप्रमाणे किल्लेदार शयनगृहातील लॅपटॉपवरून पासवर्ड कळवावयास बसले. परंतु सर्व्हर हाकेला ओ देईना. प्रथम केबल संशयित ठरली, मग राउटर, मग केरसुणी फिरविणारी मोलकरीण. वास्तविक नव्या कार्डाने आतील अनुक्रम सरकून नेटवर्कच्या खोबणीचे नाव ‘ईएनपी२एस०’ होते ते ‘ईएनपी३एस०’ झाले होते, आणि आरंभीच्या आज्ञेत जुनेच नाव असल्याने यंत्र नसलेल्या दारात उभे राहून पत्ता मागत होते. पण ते नाव बदलावयाचे तर डिस्क उघडली पाहिजे, आणि डिस्क उघडण्याचा हुकूम तर नेटवर्कवरूनच यावयाचा.

अखेर बैठकीतील दूरदर्शन संच कपाटापुढे हलविण्यात आला, सासूबाईंची मालिका तहकूब झाली, आणि आमचा कीबोर्ड सरकारजमा झाला. किल्लेदारांनी चिन्हयुक्त, दुर्भेद्य असा आपला अकरा अक्षरांचा पासवर्ड टंकिला. दोन सेकंदांनी यंत्राने या शब्दास किल्ली उपलब्ध नसल्याचे कळविले. त्यांनी तो सावकाश टंकिला, एका बोटाने टंकिला, आम्हां सर्वांस भिंतीकडे तोंड करावयास लावून मोठ्याने म्हणत टंकिला, उत्तर तेच. “हेडर गेले,” ते खुर्चीत बसत म्हणाले. हेडरची नक्कल त्यांनी दूरदृष्टीने काढून ठेविली होती, हे आम्हांस ठाऊक होते. ती त्याच डिस्कमध्ये ठेविली होती, हे त्या वेळी कळले. कन्येच्या महाविद्यालयीन प्रवेशअर्जाची मुदत त्याच सायंकाळी संपत होती, आणि अधिवासाचा दाखला आत होता.

तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून दुधाच्या हिशेबाची डायरी घेऊन आल्या. लक्सच्या नव्या आवृत्तीत एकाच डिस्कला बत्तीसपर्यंत पासवर्ड देता येतात, आणि घराच्या सहमालक म्हणून त्यांतील एक किल्लेदारांनी पत्नीस केवळ शिष्टाचार म्हणून दिला होता. सुरक्षेच्या कारणास्तव तो येथे देता येत नाही. दूधवाल्याच्या बाकीविषयीचे ते एक सरळ मराठी वाक्य असून रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग लिहिलेले आहे, एवढेच सांगतो. किल्लेदार त्याला बाळबोध म्हणत. वहिनींनी ते डायरीत पाहून टंकिले, आणि सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला.

कारण दुपारी उलगडले. प्रणालीच्या मागील आवृत्तिबदलात कीबोर्ड कोणत्या देशाचा, अशी पृच्छा झाली असता, अमेरिकेविषयीच्या तात्त्विक मतभेदामुळे किल्लेदारांनी ब्रिटन निवडले होते. ब्रिटिश मांडणीत ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांनी परस्परांच्या जागा घेतलेल्या असतात. लॅपटॉपची मांडणी अमेरिकी असल्याने हे आजवर उघडकीस आले नाही. त्यांच्या पासवर्डातील तटबंदी मात्र कपाटासमोर उभे राहताच ढासळली. वहिनींच्या वाक्यात चिन्हच नव्हते. शिवाय पासवर्डाचे बळ चिन्हांच्या विचित्रपणापेक्षा लांबीत अधिक असते, हे शास्त्र किल्लेदारांनीच आम्हांस पूर्वी शिकविले होते; त्याची आठवण त्या प्रसंगी आम्ही त्यांना दिली नाही.

दाखला वेळेत पोहोचला आणि प्रवेश झाला. रात्री किल्लेदार नवे नियमपत्रक घेऊन आले. त्यात नेटवर्कच्या खोबणीचे नाव यापुढे यंत्राच्या स्थिर क्रमांकास बांधण्याचे, हेडरची नक्कल बँकेच्या लॉकरात ठेवण्याचे आणि दुधाची डायरी लोखंडी कपाटात हलविण्याचे कलम होते. वहिनींनी पहिली दोन मंजूर केली. “दूधवाला रोज सकाळी येतो. डायरी ओट्यावरच राहील,” असे सांगून त्यांनी तिसरे फेटाळले, आणि फराळाचे डबे परत येण्याविषयी चौथे कलम स्वहस्ते घातले. किल्लेदारांनी कागद एकवार वाचला, खिशातून पेन काढले, आणि खाली सवयीने लिहिले: ‘आज्ञेप्रमाणे’.