सातवं पाऊल आणि जॉइंट खातं

१९५५चा हिंदू विवाह कायदा भोळाच म्हणायचा. सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की त्याच्या लेखी लग्न पक्कं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला नुसता दाखला पुरत नाही. लग्न खरं आहे हेही पटवावं लागतं. म्हणून अमेरिकन नागरिक झालेला नवरा न्यू जर्सीला परतला, की बंगळुरूच्या बनशंकरीत बायकोला तिकडे नेण्यासाठीच्या आय-१३० अर्जासाठी संसाराचं दप्तर भरायला लागतं. जॉइंट खातं, विम्यातलं वारसाचं नाव, विमानाची तिकिटं, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं. फोटोत सासरची माणसं दिसली तर उत्तम. मानपानावरून रुसून कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाई आता पुरावा म्हणून फाइलीत विराजमान असतात.

गंमत अशी, की एकत्र राहिल्याचे पुरावे हवेत आणि एकत्र राहायला व्हिसा हवा. उरतं व्हॉट्सॲप. तिथे रोजचं "जेवलास का?" आणि "हं." एवढ्यातून अधिकाऱ्याने प्रेम शोधायचं तरी कसं? खोटी जोडपी याहून गोड बोलत असणार!

व्हिसाची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत. वेळ कुठलीही मिळो, बनशंकरीकरांना फिकीर नाही; इथल्या अम्मांच्या देवळात लिंबाचे दिवे राहुकाळातच लावतात.

आणि व्हिसा मिळाला म्हणून फाइल रद्दीत घालू नका. अमेरिकेत पाऊल टाकताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्डही दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून लग्न पुन्हा खरं करून दाखवावं लागतं.