कादिझच्या स्वारीचा मसुदा

स्पेनला जावयाचे म्हटले की मराठी कुटुंब माद्रिद आणि बार्सिलोना या दोन नावांवर बिनतक्रार शिक्कामोर्तब करते, फ्लामेंको नृत्य पाहण्याच्या सबबीवर फार तर सेव्हिल पदरात पाडून घेते, आणि त्यापलीकडेही स्पेन नावाचा मुलूख उरतो याची सहल-कंपन्यांची रंगीत पत्रके त्यास सहसा जाणीव होऊ देत नाहीत. अशा स्थितीत, त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीने भूमीशी कसेबसे नाते राखून बाकी सर्वांगाने अटलांटिक महासागरात शिरलेल्या कादिझ या एकाच शहरी सगळी सुट्टी घालवावी, असा ठराव आमच्या धाकट्या कन्येने मांडला, तेव्हा त्यास विरोध करणे हे मेहुणेसाहेबांना आपले पदसिद्ध कर्तव्य वाटले. मेहुणेसाहेब जिल्हा कोषागारातून सन्मानपूर्वक सेवानिवृत्त झालेले. उभ्या हयातीत एकही देयक त्यांनी पहिल्या फेरीस मंजूर केलेले नाही. तेव्हा ठरावाची याहून निराळी संभावना त्यांच्या हातून होणे शक्यच नव्हते.

"ज्या गावाचं नाव आपण कधी ऐकलं नाही, तिथं बघण्यासारखं असून असून काय असणार?" असा त्यांचा पहिला आणि, त्यांच्या मते, अखेरचा मुद्दा होता.

त्यावर कन्येने जी कैफियत सादर केली ती ऐकण्यासारखी होती. टायर नगरातून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे ठाणे वसविले. जुने ग्रंथकार त्याचा काल इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास धरतात, आणि उत्खननात हाती लागलेले अवशेष त्या मानाने दोन-तीन शतके अलीकडचे निघाले असले तरी पश्चिम युरोपातील अतिप्राचीन नगरांत त्याची गणना करण्यास कोणाची हरकत नाही. मावळता सूर्य येथल्या समुद्रात बुडताना चर्र असा आवाज होतो, अशी प्राचीन काळी वदंता होती. तिची शहानिशा करण्यासाठी पोसिडोनियस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ येथे येऊन राहिला, महिनाभर रोज सूर्यास्त पाहिला, जोडीला भरती-ओहोटीची निरीक्षणे केली, आणि तशा प्रकारचा आवाज होत नाही असा निर्वाळा देऊन निघून गेला.

"महिनाभर सूर्यास्त?" मेहुणेसाहेब म्हणाले. "आणि त्याचा भत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला?"

कन्येने या प्रश्नाला बगल देऊन एकदम ज्युलियस सीझरला पुढे केले. सीझर तरुणपणी या प्रांतात क्वेस्टर म्हणून आला असता कादिझच्या हर्क्युलिसच्या देवळात त्याने अलेक्झांडरचा पुतळा पाहिला, आणि ज्या वयात या पुरुषाने जग जिंकले त्या वयात आपल्या हातून उल्लेखनीय असे काहीच घडले नाही, या विचाराने तो फार हळहळला. क्वेस्टर म्हणजे काय, अशी पृच्छा झाली. तेव्हा त्याकाळचा खजिन्याचा अधिकारी, असा खुलासा करण्यात आला. मेहुणेसाहेब काही वेळ काहीच बोलले नाहीत. कोषागारातला मनुष्य पुढे केवढ्या पदाला पोहोचू शकतो याचा असा ऐतिहासिक दाखला त्यांना आजवर कोणी दिला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पाणी मागविले, आणि "हरकत मागे घेतली असे समजा," म्हणून सांगितले.

मात्र हरकत मागे घेतलेला अधिकारी स्वस्थ बसत नाही. तो समितीचा अध्यक्ष होतो. याच कादिझमध्ये स्पेनची पहिली उदारमतवादी राज्यघटना तयार झाली, ही माहिती दुर्दैवाने त्याच बैठकीत बाहेर पडली. नेपोलियनच्या फौजांनी देश व्यापला असता, स्पेनचे प्रतिनिधी २४ सप्टेंबर १८१० रोजी शेजारच्या इस्ला दे लेऑन या गावी जमले, पुढील वर्षी फेब्रुवारीत कादिझला आले, आणि खाडीपलीकडून फ्रेंच तोफा आग ओकत असताना सान फेलिपे नेरीच्या प्रार्थनामंदिरात बसून त्यांनी कलमावर कलम रचले. १९ मार्च १८१२ रोजी, संत जोसेफच्या सणादिवशी, ३८४ कलमांची घटना जाहीर झाली. आणि जोसेफ नावाच्या माणसांना स्पेनमध्ये लाडाने पेपे म्हणत असल्यामुळे लोकांनी तिचे नाव 'ला पेपा' ठेवले. वेढ्यातल्या लोकांनी एवढे केले, तर भरपूर फावला वेळ असलेल्या आपणास आठवडाभराच्या सहलीचा नियमबद्ध मसुदा का करता येऊ नये, असे म्हणून मेहुणेसाहेबांनी ताव मागविले.

मसुद्याचे पहिले कलम उठण्याच्या वेळेविषयी, दुसरे चहाविषयी, तिसरे पारपत्रे कोणाच्या कमरपट्ट्यात राहावीत याविषयी असून, पुढील कित्येक कलमे प्रसाधनगृहांच्या स्थानांस वाहिलेली होती. ला पेपाच्या सहाव्या कलमात देशप्रेमाबरोबरच प्रत्येक स्पॅनिश माणसाने न्यायी आणि परोपकारी असावे असे बंधन घातलेले आहे, हे कळताच आमच्या सौभाग्यवतींनी तशाच आशयाची दुरुस्ती सुचविली, आणि ती सर्व प्रवाशांना लागू असली तरी अंमलबजावणीचा प्रारंभ अध्यक्षांपासून व्हावा असा आग्रह धरला. "ताई, हे व्यक्तिगत होतंय," असे मेहुणेसाहेब म्हणाले. पण दुरुस्ती बहुमताने संमत झाली.

घटनेची पुढची हकीकत मात्र कन्येने मामांपासून दडवून ठेवली. राजा फर्नांदो सातवा १८१४ मध्ये बंदिवासातून सुटून परतला तो पहिल्या सलामीलाच ती रद्द करून मोकळा झाला. १८२० मध्ये ती पुन्हा जिवंत झाली, १८२३ मध्ये पुन्हा गारद झाली. आमच्या मसुद्याच्या बाबतीत फर्नांदोची भूमिका विमानाच्या भाड्याने वठविली. आज ठरविलेली तारीख उद्या परवडत नसे, परवा पुन्हा परवडू लागे, आणि त्याबरोबर उठण्या-बसण्याची सारी कलमे मागेपुढे सरकत.

व्हिसा मिळविणे हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांस सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी अनुभवला नाही त्यांना सांगून खरे वाटणार नाही. व्हिसा मिळण्यासाठी मुक्कामाची आणि परतीच्या प्रवासाची तरतूद केल्याचे दाखवावे लागते. आणि व्हिसा हाती येईपर्यंत तिकिटात पैसे गुंतवू नयेत, असे प्रत्येक शहाणा मनुष्य सांगतो. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा असावा, बँकेच्या खात्याचे उतारे असावेत, प्राप्तिकराची विवरणपत्रे असावीत, आणि या सर्वांवर आपण का जात आहोत व परत येण्याचा आपला इरादा किती पक्का आहे याचे निवेदन असावे. मेहुणेसाहेब या कागदपत्रांत जितके रमले तितके ते गेल्या कित्येक वर्षांत कशातही रमलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी प्रत्येक कागदास पृष्ठांक घातला, दोरा ओवला, वर फेरिस्त लावली, आणि निवेदनात सीझरचा उल्लेख करण्याचा मोह फक्त कन्येच्या ताकिदीमुळे आवरला.

आता ऋतूचा प्रश्न. फेब्रुवारीच्या आगेमागे, उपवासाचा चाळीसा सुरू होण्यापूर्वी, कादिझमध्ये कार्निव्हल असतो, आणि तो रिओतल्यासारखा पिसांचा नसून शब्दांचा असतो. एकसारखी सोंगे घेतलेल्या 'चिरिगोता' नावाच्या मंडळ्या मंत्र्यापासून महापौरापर्यंत सर्वांचा समाचार घेणारी स्वरचित गाणी म्हणत गल्लोगल्ली फिरतात, आणि फाल्या नाट्यगृहात त्यांच्या रात्रीच्या रात्री स्पर्धा चालतात. फ्रँकोने सत्तेवर येताच या उत्सवावर बंदी घातली यातच त्या गाण्यांची थोरवी दिसते. शिमगा आणि वगनाट्य यांवर पोसलेल्या मराठी माणसाला हे स्थळ परके वाटू नये. पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव असे चढतात की ठेव मोडावी लागेल. शिवाय परदेशी पाहुण्यांवरही गाणी होतात काय, ही मेहुणेसाहेबांची शंका कोणालाच फेडता येईना. ऑगस्टमध्ये सारा स्पेन समुद्रकाठी लोटतो. उरला मे, आणि मेवर शिक्का बसतो न बसतो तोच 'लेव्हान्ते' हा पूर्वेकडून येणारा वारा निघाला. तो कोरडा, जोरकस, एकदा सुटला म्हणजे दिवसचे दिवस वाहणारा, आणि माणसाचे डोके फिरविणारा म्हणून त्या किनाऱ्यावर ख्यात आहे. वाऱ्यासाठी कलम घालता येत नाही, याचा विषाद अध्यक्षांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसला.

जेवणाच्या वेळांनी तर समितीत उभी फूट पाडली. दुपारचे जेवण दोन-अडीचच्या पुढे, नंतर पाचपर्यंत बरीचशी दुकाने बंद, आणि रात्रीच्या पानावर नऊच्या आत बसणाऱ्यास तेथे एक तर परदेशी समजतात किंवा आजारी. मेहुणेसाहेब गेली अनेक वर्षे सायंकाळी साडेसातला जेवून नऊला निजणारे. या पोकळीत टिकाव धरण्यासाठी सौभाग्यवतींनी चिवडा, मेतकूट आणि बेसनाचे लाडू यांची योजना केली. पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांनी मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ आणू नयेत असा तिकडील कायदा असल्याचे कळल्यावर, साजूक तुपात भाजलेले बेसन हे दूधदुभते की डाळ, यावर जो खल झाला त्याने कादिझच्या कायदेपंडितांचीही छाती दडपली असती. शेवटी लाडवांची रवानगी विमानतळापर्यंतच्या प्रवासाच्या रसदेत झाली.

माशांचा विषय निघाला तेव्हा मात्र सभेत प्रथमच एकमत दिसले. सौभाग्यवती आणि मेहुणेसाहेब ही भावंडे रेवदंड्याची. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या पिठात कांदा नि कोथिंबिरीसारखा पाला घालून, त्यात अगदी बारीक, सालीसकट खावयाची कोळंबी कालवून, ऑलिव्हच्या तेलात जाळीदार कुरकुरीत तळलेल्या 'तोर्तियिता दे कामारोनेस' या पदार्थाची कादिझवाल्यांना केवढी मिजास आहे, हे कन्येने वाचून दाखविताच दोघेही एका सुरात म्हणाली, "म्हणजे जवळ्याची भजी!" मुशीसारख्या माशाचे तुकडे व्हिनेगर, लसूण आणि जिरे यांत मुरवून तळतात, हे ऐकून मेहुणेसाहेबांनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मसुद्यातली एक संपूर्ण सकाळ स्वखुशीने खोडली आणि तेथे 'बाजारपेठ' असे लिहिले.

वस्तुसंग्रहालयास त्यांनी अर्धा तास दिला होता. तेथे फिनिशियन काळच्या दोन संगमरवरी शवपेट्या आहेत, पुरुषाची आणि स्त्रीची. पुरुषाची १८८७ मध्ये सापडली. पुढे पेलायो किंतेरो या पुरातत्त्वज्ञाच्या मनाने असे घेतले की हिची जोडीदारीण याच भूमीत कोठेतरी असलीच पाहिजे; त्याने तिच्यासाठी वर्षानुवर्षे शहर धुंडाळले, आणि ती न सापडताच तो १९४६ मध्ये वारला. १९८० मध्ये एका इमारतीच्या पायासाठी खणताना ती निघाली. आणि ती जागा म्हणजे खुद्द किंतेरोच्या जुन्या घराची. इतकी वर्षे बिचारा तिच्याच डोक्यावर झोपत होता. ही कथा ऐकून मी हळहळलो. सौभाग्यवतींना मात्र तीत नवल वाटण्यासारखे काहीच आढळले नाही. "घरात काय कुठं आहे ते पुरुषांना कधी सापडलंय?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि मेहुणेसाहेबांच्या कपाळावरचा चष्मा त्यांच्या हाती दिला. संग्रहालयाचा अर्धा तास वाढवून मिळाला.

सर्वांत घोटाळा केला तो मनोऱ्याने. १७१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराची मुख्य कचेरी सेव्हिलहून कादिझला आली, तेव्हा येथील सावकारांनी आपापल्या घरांवर टेहळणीचे मनोरे चढविले. आपले गलबत क्षितिजावर आले की शेजाऱ्याच्या आधी आपल्याला कळावे, हा त्यातला मुख्य हेतू असावा असे मला वाटते. असे शंभराहून अधिक मनोरे अद्याप उभे आहेत. त्यांपैकी ताविरा नावाचा मनोरा १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी-मनोरा ठरला. आता त्याच्या माथ्यावर एक अंधारी खोली केली असून, तीत आरसा आणि भिंग यांच्या योगाने खालच्या शहराचे जिवंत चित्र पांढऱ्या तबकडीवर उमटते. वाळत घातलेले कपडे हलतात, माणसे चालतात, कथीड्रलचा पिवळ्या कौलांचा घुमट उन्हात चमकतो. ११६ वर्षे बांधकाम चाललेले ते मंदिर तळहातावर घेता येईल एवढे होऊन समोर येते.

"सगळं शहर एका खोलीत बसून दिसतं?" मेहुणेसाहेबांचे डोळे लकाकले. "मग पहिल्याच दिवशी तिथं जाऊन उरकून घेऊ. एवढ्या लांब जातोच आहोत, तर उरलेल्या दिवसांत लिस्बन काढून टाकता येईल."

एवढ्या लांब जातोच आहोत तर, या पाच शब्दांनी मराठी प्रवाशांच्या किती सहली धुळीस मिळविल्या याची नोंद कोठल्याही दप्तरात नाही. कन्येने नकाशा उघडून कादिझहून लिस्बनला थेट आगगाडी नाही, एवढेच काय, सेव्हिलहूनही नाही, हे दाखवून दिले. दोन शेजारी राज्यांच्या रेल्वे खात्यांनी असा गाफीलपणा करावा ही गोष्ट मेहुणेसाहेबांसारख्या जुन्या अधिकाऱ्यास सहन होण्याजोगी नव्हती. त्यांनी तत्काळ दोन्ही सरकारांच्या नावे एक सविस्तर अर्ज लिहावयास घेतला. तो आता पृष्ठांक घालून, दोरा ओवून तयार आहे. त्याचे स्पॅनिश भाषांतर कन्येने करावयाचे असून, कादिझहून परत आल्यावर लगेच हाती घेण्याचे तिने मामांना लेखी कबूल केले आहे.