गर्दीत मिसळण्याची खटपट

ब्राउझर कुणी निवडत नाही. नव्या संगणकात तो आधीच येऊन बसलेला असतो. आपण त्याच्यावर टिचकी मारतो आणि कामाला लागतो. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट वाटायचं. तो 'ई' मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर घरोघर फुकट पोचवला होता आणि त्यावरून १९९८ साली अमेरिकन सरकारने कंपनीला कोर्टात खेचलं होतं, याचा आम्हाला पत्ताही नव्हता. २००८ मध्ये गूगलचं क्रोम आलं आणि बघता बघता 'ई'ची जागा एका रंगीत गोळ्याने घेतली. तेव्हाही 'चालेल ना?' असं कुणी विचारलं नाही. चाललं, एवढं खरं.

ब्राउझरकडे निवडायची वस्तू म्हणून बघायला लावलं ते माझ्या भाच्याने. तो हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे घरात ज्या ज्या वस्तूला वायर आहे तिच्याविषयी त्याचा शब्द अखेरचा असतो. एकदा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत तो म्हणाला, "मामा, तू अजून हाच ब्राउझर वापरतोस?" स्वर इतका काळजीचा होता की मी नकळत स्वतःची नाडी चाचपली.

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं.

"मग तुझा गुडघा दुखतो हे त्यांना कसं कळलं?"

हे मात्र खरं होतं. मी गुडघ्याला बांधायचा पट्टा नेटवर शोधला, विकत घेतला, बांधलाही. तरी ऊसदरावरचा अग्रलेख उघडला की शेजारी पट्टा. पंचांग उघडलं की पट्टा. ज्याने एक पट्टा घेतला त्याला दुसरा गुडघाही असणार, असा त्यांचा होरा असावा. तो अगदीच चुकीचा नव्हता, याचंच जास्त वाईट वाटलं.

मग भाच्याने मला कुकीचा इतिहास सांगितला. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुण अभियंत्याने ती काढली. हेतू सरळ होता. संकेतस्थळाला आपण कोण ते आठवत नसे. टोपलीत वस्तू टाकून पुढच्या पानावर गेलं की टोपली रिकामी. म्हणून संकेतस्थळाने आपल्याच संगणकावर एक चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या खेपेला ती वाचायची. ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचायची, असा शिस्तीचा नियमही होता. पण एकाच पानावर बातमी एकाची, जाहिरात दुसऱ्याची, मोजणी तिसऱ्याची असते, आणि प्रत्येकजण आपापली चिठ्ठी ठेवून जातो. हजार संकेतस्थळांवर जाहिरात लावणाऱ्याला आपली चिठ्ठी हजार ठिकाणी वाचायला मिळते. नियम कुणीच मोडला नाही, आणि तरी माझा गुडघा सार्वजनिक झाला.

असल्या परक्या कुकी सफारी आणि फायरफॉक्स यांनी आता आपणहून अडवायला घेतल्या आहेत. गूगलनेही २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं होतं की दोन वर्षांत क्रोममधून त्या हद्दपार करू. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली आणि २०२४ मध्ये बेत बदलला. ज्याची बहुतेक मिळकत जाहिरातींची, त्याने जाहिरातदाराची चिठ्ठी फाडायची म्हणजे अवघडच.

"मी खासगी खिडकी उघडतो की," मी म्हटलं. टोपी आणि काळा चष्मा घातलेलं ते चित्र बघून मला नेहमी धीर येत असे. भाच्याने तोही काढून घेतला. त्या खिडकीने फक्त आपल्या संगणकावर मागे काही उरत नाही. म्हणजे बायकोच्या वाढदिवसाची भेट बायकोपासून लपते. इंटरनेट पुरवणारी कंपनी, कचेरीतलं नेटवर्क, पलीकडचं संकेतस्थळ यांच्यापासून काहीच लपत नाही. याच गैरसमजावरून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात गूगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत खासगी खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं आणि खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट लिहायचं कंपनीने मान्य केलं. चष्मा मात्र तसाच आहे.

तेव्हा स्थळं बघायला सुरुवात झाली. मराठी माणूस घराणं विचारल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणून मी घराणी विचारली आणि चक्रावलो. जाहिरातवाल्यांना आपल्या हालचाली टिपायला जावास्क्रिप्ट ही भाषा फार उपयोगी पडते. ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत रचली, तीही नेटस्केपमध्येच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा उगमही १९९८ साली नेटस्केपमध्येच झाला. पुढे याच आइकनी ब्रेव्ह हा ब्राउझर काढला आणि त्याचं मुख्य भूषण काय, तर माग काढणाऱ्यांना तो अडवतो. थोडक्यात, चिठ्ठी ठेवणारे, चिठ्ठी वाचायला शिकवणारे आणि चिठ्ठी अडवणारे सगळे एकाच घराण्यातले. फायरफॉक्स ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे हे ऐकून मला बरं वाटत होतं, तेवढ्यात भाच्याने सांगितलं की शोधपेटीत पहिला मान दिल्याबद्दल गूगल जे पैसे देतं, त्यांवरच त्यांचा बराचसा संसार चालतो. आणि सगळ्यांत कडकडीत गुप्तता पाळणारा टॉर? त्याची मूळ कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. निर्दोष कुळाचा आग्रह मी तिथेच सोडून दिला.

व्हीपीएनचंही विचारून घेतलं. त्यात आपला सगळा प्रवास एका कंपनीच्या बोगद्यातून जातो. इंटरनेटवाल्याला काही दिसत नाही, बोगदेवाल्याला दिसू शकतं. म्हणजे विश्वास ठेवायचाच, फक्त माणूस बदलायचा. त्यात २०२२ मध्ये आपल्याकडे नियम आला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे पाच वर्षं जपून ठेवावेत. काही परदेशी कंपन्यांनी त्यावर आपले भारतातले सर्व्हरच उचलले. जाहिरातीत अजूनही कुलपाचं चित्र असतं. किल्ली कुणाकडे, ते बारीक अक्षरात.

तरीही मी हुरूपाने कामाला लागलो. फायरफॉक्स घेतला. त्यावर जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन चढवलं. ते फुकट आहे, बनवणारा देणगीसुद्धा घेत नाही, आणि क्रोमच्या नव्या नियमांत ते चालत नाही असं कळल्यावर तर मला ते दुप्पट आवडलं. मग आणखी दोन-तीन एक्स्टेन्शनं चढवली. सेटिंगमध्ये जी खूण दिसेल ती उलटी केली. अक्षरांचा आकार वाढवला, चार सुरेख देवनागरी फॉन्ट टाकले, भाषा मराठी केली. आता मी कुणाला सापडणार नव्हतो.

त्या संध्याकाळी भाच्याने मला 'कव्हर युअर ट्रॅक्स' उघडून दिलं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही अमेरिकेतली संस्था ही चाचणी चालवते. कुकी नसतानाही ब्राउझर ओळखता येतो का, ते ती सांगते. पडद्याचा आकार, टाइम झोन, बसवलेले फॉन्ट, पसंतीची भाषा अशा बारीकसारीक गोष्टी ब्राउझर बोलता बोलता सांगून टाकतो. एकेक तपशील हजारोंचा असतो. सगळे मिळून एकट्याचे होतात. माझा निकाल आला: अद्वितीय. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला हा शब्द लावला होता, आणि भाचा कपाळाला हात लावून बसला होता.

भानगड अशी की सापडू नये म्हणून मी जे जे केलं, ते ते करणारा दुसरा कुणी नव्हता. याच संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. पुढे २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका साध्या व्यापारी संकेतस्थळावरच्या वीस लाखांहून जास्त नोंदी पाहिल्या, तेव्हा प्रमाण ३३.६ टक्क्यांवर आलं. काळ बदलला, तंत्र बदललं, हे खरंच. पण पहिल्या चाचणीला मुद्दाम आलेले लोक खासगीपणाची काळजी करणारे होते आणि दुसऱ्या वेळचे आपले सहज पानं चाळायला आलेले. काळजी करणारा माणूस गर्दीत उठून दिसतो. 'माझा माग काढू नका' अशी विनंती ब्राउझरमधून पाठवायची एक सोय निघाली होती. पाळायची सक्ती नसल्याने ती बहुतेकांनी पाळली नाहीच. उलट २०१९ मध्ये ॲपलने ती सफारीतून काढून टाकली, कारण अशी विनंती करणारा कोण, ही ओळख पटवायला आणखी एक खूणच होत होती.

टॉरवाल्यांना हे मर्म आधीच कळलं होतं. आपली विनंती ते तीन टप्प्यांतून फिरवतात, त्यातल्या कुणाही एकाला आपण कोण आणि कुठे निघालो हे दोन्ही कळत नाही. पण खरी युक्ती दिसण्यात आहे. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळतात, तेव्हा सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या बापालाही लेक ओळखू येत नाही. आणि ते साधतं ते स्कार्फमुळे तितकं नाही, जितकं सगळ्याच जणींनी तो बांधल्यामुळे. रस्त्यात एकटीनेच बांधला असता तर चारचौघांनी वळून पाहिलं असतं. टॉर ब्राउझर सगळ्यांना एकच स्कार्फ देतो. खिडकीचा आकारसुद्धा ठरावीक मापातच दाखवतो, त्यासाठी कडेला करडी पट्टी सोडतो. आणि मराठी भाषा लावलेली असेल तर विचारतो, पानं इंग्रजीतच मागवू का? खासगीपणा वाढेल.

या प्रश्नावर मी अडलो. फॉन्ट काढले, जादा एक्स्टेन्शनंही काढली; त्याचं काही वाटलं नाही. कोट्यवधी लोक मराठी बोलतात. पण ब्राउझरला 'मला पानं मराठीत दे' असं सांगणारे इतके थोडे, की तेवढं म्हटलं तरी माणूस गर्दीतून बाजूला पडतो. लपायचं असेल तर आधी भाषा उतरवून ठेवायची, ही अट मला जरा महाग वाटली.

सौभाग्यवतींना हा पेच सांगितला. त्या म्हणाल्या, "अहो, त्या कॅलिफोर्नियावाल्यांपासून एवढं लपताय, आणि परवा मिठाईच्या दुकानात त्याने नंबर विचारला तर दहाच्या दहा आकडे खणखणीत आवाजात सांगितलेत. मागच्या रांगेतल्या बाईंनीसुद्धा लिहून घेतला असेल." यावर उत्तर नव्हतं. आधार कार्डाच्या छायाप्रती आपण लॉजपासून सिमकार्डाच्या टपरीपर्यंत वाटत आलो आहोत. त्याच आधारला आव्हान देत २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायाधीश, के. एस. पुट्टस्वामी, सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तेव्हा पुट्टस्वामींनी नव्वदी ओलांडली होती. त्यांच्याकडे तरी लपवण्यासारखं काय होतं, असं मला आता विचारावंसं वाटत नाही.

त्यामुळे सध्याची व्यवस्था अशी: फायरफॉक्स, त्यावर एकच जाहिरात अडवणारं, शोधायला डकडकगो, बँकेसाठी वेगळा ब्राउझर, त्यात दुसरं काही उघडायचं नाही. टॉरला नमस्कार, पण तो सावकाश चालतो आणि माझा गुडघा तेवढा गुप्त नाही. दुकानात नंबर विचारला की "बिल नंबराशिवाय होत नाही का?" असं विचारतो, बहुतेक वेळा होतं. भाषा मात्र मराठीच ठेवली आहे. या पत्त्यावर मराठी वाचणारा कुणी राहतो, एवढं मी जाहिरातदारांना आपण होऊन सांगून टाकलंय. कधी काळी मराठीतून चार गोष्टी विकाव्याशा वाटल्या, तर गिऱ्हाईक आहे हे कळू दे. बाकीचं हवं असेल तर आधी विचारावं. सांगायचं की नाही, ते मग बघू.