बुडाचं टोपडं

गॅस चेक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एजन्सीचा माणूस उभा राहतो. ऐन वामकुक्षीला बेल वाजवणारा, शेगडीमागे वाकून रबरी नळी नखाने टोकरणारा आणि पुस्तकात शिक्का मारता मारता 'नळी बदला' म्हणून जाणारा. त्यामुळे कनेक्टिकटमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्याच भेटीत "हल्ली मी गॅस चेकच्या मागे लागलोय" असं सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याने निवृत्तीनंतर अर्धवेळ नोकरी धरली असावी असं मला वाटलं आणि सवड झाली की आमचीही शेगडी बघून जा, अशी विनंती मी करून टाकली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि तळहात पुढे केला. त्यावर वाटाण्याला झाकण होईल एवढी एक तांब्याची वाटी होती. भातुकलीतून हरवलेली आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्याच खंडात सापडलेली.

आजोबा आपल्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरी ओततात. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे धातूंच्या जमातीत फारच सोशिक. एक भांडं, एक पळी, एक साचा, आणि गॅरेजचं दार सताड उघडं. मात्र जो मऊपणा ओतताना कामी येतो तोच पुढे नडतो. बार उडाला की मागून तापलेला वायू रेटा देतो, आणि गोळी व नळी यांच्यात केसाएवढी फट सापडली तरी तिच्यातून घुसून गोळीची कड खात जातो. खाल्लेलं शिसं नळीत लिंपलं जातं. मग म्हातारा संध्याकाळभर पितळी ब्रशने नळी घासत बसतो आणि आजींचं जेवण थंड होतं. यावर उतारा म्हणून गोळीच्या बुडाशी ही वाटी दाबून बसवायची. तीच गॅस चेक. वायूला अडवते म्हणून चेक. बाळाला टोपडं डोक्यावर घालतात, गोळीला ते बुडाला घालायचं, इतकंच. पातेल्याच्या बुडाला माती लावल्याशिवाय ते चुलीवर न ठेवणाऱ्या माझ्या आजीला हे एका वाक्यात समजलं असतं. मला दोन रविवार लागले.

या वाटीचं घराणंही तिथलंच. आमच्या गावापासून जवळच न्यू हेवनला जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने 1884 साली आयडियल नावाची कंपनी काढली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने गॅस चेक बाजारात आणली. 1925 मध्ये ती कंपनी लायमनने घेतली, तेही कनेक्टिकटचेच. गायकीचे बुवा गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. आजोबा बार्लोचं नाव घेताना टोपी किंचित उचलतात. दुसऱ्या घराण्याचे अध्वर्यू म्हणजे आयडाहोचे एल्मर कीथ. गोळीचं माप आणि धातूचं मिश्रण जमलं तर हँडगनच्या गोळीला असल्या टोपड्याची गरजच नाही, हे त्यांचं ठाम मत. "कीथ बरोबर होता," आजोबा म्हणतात, "पण त्याच्या गोळ्या तो ओतायचा. माझ्या मी ओततो."

त्यांच्या गोळीचं वजन 158 ग्रेन. आपला तोळा 180 ग्रेनचा. म्हणजे प्रत्येक गोळी तोळ्याला बावीस ग्रेन कमी, हा हिशेब मी त्यांना सांगितला तेव्हापासून ते मला सराफाच्या घरचा समजतात. त्यांच्या शिशात लायनोटाइपचा धातूही असतो, एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेला. शंभरात चौऱ्याऐंशी भाग शिसं, बारा अँटिमनी, चार कथील. कधीकाळी त्यातून ओळीच्या ओळी ओतल्या गेल्या असतील, अग्रलेखाच्या, लग्नांच्या, हरवलेल्या कुत्र्यांच्या. आपल्याकडे छापखान्यातल्या अक्षरांना खिळे म्हणत. आता हे खिळे गोळ्या होऊन पंचवीस यार्डांवरच्या कागदाला भोक पाडतात. जन्म बदलला, कागदाचा नाद काही सुटला नाही.

आता या वाट्या हजाराच्या डबीत विकत मिळतात आणि एक वाटी काही सेंटांत पडते. मध्ये एकदा दुकानांत त्या मिळेनाशा झाल्या आणि आजोबांनी घरी करायला घेतल्या. आधी सोड्याचे डबे कापून पाहिले. त्यांचा पत्रा एक दशांश मिलिमीटर, वाटीला हवा त्याच्या तिपटीहून जाड. मग छपराच्या सांध्यात घालतात ती ॲल्युमिनियमची पट्टी आली. पंच आणि साचा आला. एका दाबात चकती, दुसऱ्या दाबात वाटी, वाकडी निघाली तर बरणीत. एव्हाना दुकानांत डब्या परत आल्या होत्या आणि त्या अवजाराच्या किमतीत बऱ्याच डब्या आल्या असत्या, हे मी मनातल्या मनात मोजलं. बोललो नाही. लोणचं घालणाऱ्या बाईसमोर बाजारच्या बरणीचा भाव काढू नये, एवढी समज आमच्या घरात लहानपणीच दिली जाते.

चातुर्मासात आई आमच्याकडे आली. तिने लक्ष वातींचा संकल्प सोडला होता आणि बॅगेत कापडापेक्षा कापूस जास्त होता. इथल्या भारतीय दुकानात तयार वातींची पाकिटं मिळतात, हे मी उत्साहाने सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते पाकीट मुकाट्याने फडताळात ठेवलं. दुपारी ती ऊन धरून आजोबांच्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकू लागली. भट्टी बंद असे, तो त्यांचा वाट्या दाबण्याचा वेळ. ही बोटाला दूध लावून कापूस वळी, ते पट्टीवर पंच दाबत. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. तिने पहिल्या दिवशी मला विचारलं, "हे भाऊ मारतात कुणाला?"

"कुणाला नाही गं. कागदाला."

"त्या बिचाऱ्याने काय केलंय यांचं?" म्हणून ती पुन्हा कापसाकडे वळली. आजोबांनीही एकदा हळूच विचारलं की एवढ्या वाती आई जाळणार कशासाठी. मी म्हटलं, देवासमोर. त्यांनी मान हलवली आणि एक फुलवात उचलून आपल्या वाटीत उभी करून पाहिली. ती बसली नाही, कलंडली. दोघंही त्या वातीकडे काही वेळ गंभीरपणे बघत राहिली, मग आई पदराआड हसली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तिच्यासाठी शंभर-शंभरच्या जुड्या ठेवायला गोळ्यांचा एक रिकामा, खणाखणांचा डबा धुऊन आणला.

आई दिवाळीआधी परत गेली. माझ्या फडताळातलं वातींचं पाकीट फोडलेलं नाही, आणि आजोबांच्या फळीवर विकतच्या हजार वाट्यांची डबी आहे, तिचंही सील तसंच आहे. दर रविवारी आईचा फोन येतो. माझी चौकशी झाली की ती भावांच्या वाट्या किती झाल्या विचारते, आणि मी कुंपणापाशी जाऊन आकडा आणतो, तिचा आकडा देतो. गेल्या रविवारपर्यंत तिच्या एकसष्ट हजार चारशे झाल्या होत्या. त्यांच्या आठशे बारा, वाकड्या सोडून.