लवकर म्हणजे कधी?

त्याच्या घरून उठताना "चला, लवकरच भेटू" असं चुकूनही म्हणू नये. म्हणालात तर चप्पल पायात सरकवण्याच्या आत तो दारात आडवा येतो. "लवकर म्हणजे कधी? तारीख सांगा. ॲशनं पिजिऑटला पण लवकरच येतो असंच सांगितलं होतं. चोवीस वर्षं लागली."

समोर बहुधा बायकोचे मामा असतात. वय बहात्तर. त्यांच्या माहितीतली पिजिऑट म्हणजे कल्याणच्या कारखान्यात एके काळी जुळणी व्हायची ती प्यूजो गाडी. तिला यायला चोवीस वर्षं लागली हे ऐकून त्यांना फारसं नवल वाटत नाही. उलट, "आमच्या स्कूटरला आठ लागली होती," असं सांगून ते जिना उतरतात.

हा माणूस तुमच्या ओळखीतही असणार. तिशी ओलांडलेली, पोट बेताबेतानं पुढं येणारं, सहकारी बँकेत कर्ज विभागात टेबल आणि मोबाइलच्या कव्हरमागं पिकाचूचं स्टिकर. २००३ मध्ये भारतात कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत सुरू झालं तेव्हा हा दहा वर्षांचा होता. त्यातला नायक ॲशही दहा वर्षांचाच होता. तो अजून दहाचाच आहे आणि याचा गृहकर्जाचा सतरावा हप्ता परवा गेला. वर्गात ज्यांच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा चिप्सच्या पुड्यातले टॅझो जास्त निघायचे, त्यांच्यातला हा. बाकीच्यांनी टॅझो धाकट्या भावंडांना दिले आणि मोठे झाले. यानं अल्बम केला.

तर ते पिजिऑट प्रकरण. ज्यांना माहीत नाही त्यांना तो सांगणारच आहे, तेव्हा इथंच ऐकलेलं बरं. ॲशजवळ अगदी सुरुवातीपासूनचा एक पक्षी होता, पिजिओटो. पॅलेट टाउनजवळच्या जंगलात एका फिअरोच्या टोळीनं लहान पाखरांना छळायला सुरुवात केली. लढता लढता पिजिओटोचा पिजिऑट झाला, त्यानं फिअरोला पळवून लावलं आणि पाखरांच्या राखणीला तो तिथंच राहिला. ॲशनं त्याला सांगितलं, काम उरकून लवकरच परत येतो. जपानमध्ये हा भाग १९९९ मध्ये दाखवला गेला. काम म्हणजे जी.एस. बॉल नावाचा एक न उघडणारा गोळा आणायचा होता. तो आणला, नंतर जोहटोमध्ये कुर्ट नावाच्या कारागिराकडं तपासायला दिला आणि पुढं त्याचं नावही कुणी काढलं नाही. "आमच्या बँकेत याला 'वर पाठवलंय' म्हणतात," असं तो इथं सांगतो. हे वाक्य तो दर वेळी सांगतो आणि दर वेळी आधी स्वतः हसतो.

गोळा गेला, पण पिजिऑट राहिला. ॲश जोहटो फिरला, होएन फिरला, सिनो, युनोवा, कालोस, अलोला, सगळं फिरला. मधूनमधून घरीही आला, आईच्या हातचं जेवला. जंगल गावाच्या वेशीवर. गेला नाही.

एवढ्या भांडवलावर या माणसानं एक पूर्ण जीवनशास्त्र उभं केलं आहे. बिल्डर "ताबा लवकरच" म्हणाला तेव्हा यानं कार्यालयातच विचारलं, "पिजिऑटवालं लवकर की खरं?" बायको स्वयंपाकघरातून "आणते लवकर" म्हणाली की हा सोफ्यावरून "चोवीस!" असा पुकारा करतो. मेहुणीच्या साखरपुड्यात गुरुजी म्हणाले, मुहूर्त लवकरचाच धरू. पुढचं सांगत नाही. गुरुजींनी दक्षिणा न मोजता खिशात टाकली आणि निघाले एवढंच. आणि हाच गृहस्थ सोमवारी सकाळी दहा वाजता काउंटरपलीकडल्या शेतकऱ्याला म्हणतो, "होईल हो काका, लवकरच होईल प्रकरण मंजूर." तेव्हा पिजिऑट कुठल्या झाडावर बसलेला असतो, कोण जाणे.

एमपीएससीच्या दिवसांतही त्याचं सगळं गणित ॲशच्या हरण्यावर चालायचं. ॲश पहिल्या इंडिगो लीगमध्ये शेवटच्या सोळांत बाद झाला, कारण ऐन वेळी त्याचा चारिझार्ड लढायला नकार देऊन मैदानात आडवा झाला. हा पहिल्या पूर्व परीक्षेत बाद झाला, कारण दुसऱ्या पेपरच्या आधी दुपारी जेवून तो स्वतः आडवा झाला. सिनोमध्ये ॲशला टोबायस भेटला. त्याच्याजवळ डार्कराय, म्हणजे दुःस्वप्नं दाखवणारा दुर्मीळ पोकेमॉन. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये रणजीचा गोलंदाज उतरवावा तसला प्रकार. तेव्हापासून ज्याचा काका मंत्रालयात आहे अशा प्रत्येक उमेदवाराला हा टोबायस म्हणतो. कालोसमध्ये ॲश उपविजेता झाला. हा मुलाखतीपर्यंत गेला. पुढं २०१९ मध्ये ॲशनं अलोला लीग जिंकली, २०२२ च्या नोव्हेंबरात लिऑनला हरवून जगज्जेता झाला. याला कर्ज विभागातलं टेबल मिळालं. खिडकीजवळचं आहे, हे तो आवर्जून सांगतो.

आणि मग जपानहून बातमी आली की सव्वीस वर्षांनी ॲश आणि पिकाचू मालिकेचा निरोप घेणार. त्याआधी अकरा भागांची एक खास मालिका. तीत मिस्टी आणि ब्रॉक, पहिल्या प्रवासातले दोघं सोबती, पुन्हा बरोबर चालणार. १३ जानेवारी २०२३ ते २४ मार्च २०२३, दर शुक्रवारी एक भाग. त्या अकरा आठवड्यांत कर्ज विभागात शुक्रवारी दुपारनंतर गेलेल्या कुणाचंही काम झालेलं नाही.

त्याचं मत विचारलंत तर ते एक नसतं, ती तक्रारवही असते. अकरा भाग कमी आहेत. सव्वीस वर्षांच्या जेवणावर अकरा घास म्हणजे बडीशेप. भाग फार संथ आहेत. जगज्जेता झालेला मुलगा साध्यासुध्या वाटांवर रमतगमत हिंडतो, मोठी लढाई नाही, सत्कार नाही, हारतुरे नाहीत. मे, डॉन, सेरेना या मधल्या वर्षांतल्या मैत्रिणींच्या पदरात काही पडलं नाही. निरोप समारंभाला निम्मी बॅच बोलवायची राहिली तर व्हॉट्सॲपवर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ब्रॉक अजून तसाच, दर गावातल्या नर्स जॉयला पाहून विरघळणारा. "पोकेमॉन डॉक्टर व्हायला निघालेला माणूस, आता तरी लग्नाचं बघायला नको?"

मिस्टीबद्दल मात्र तो आदरानं बोलतो. पहिल्याच भागात पिकाचूच्या विजेच्या झटक्यानं तिची सायकल जळाली आणि भरपाई मागत ती ॲशच्या मागं लागली. १९९७ पासून २००२ पर्यंत, दोन प्रांत आणि एक बेटांची रांग ओलांडून. असा वसुली अधिकारी एक जरी मिळाला तरी बँकेची थकीत कर्जं निम्म्यावर येतील, हे तो वार्षिक सभेत बोललेला आहे. अध्यक्षांनी इतिवृत्तात घेतलं नाही.

आणखी एक दुखणं होतं. हे अकरा भाग त्याला जपानी भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं वाचत बघावे लागले. रिका मात्सुमोतो या बाई १९९७ पासून ॲशचा आवाज होत्या. शीर्षकगीतही पहिलंच, नव्यानं केलेलं, त्यांच्याच गळ्यातलं. पण याचा ॲश हिंदीत बोलतो. "आवाज चांगला आहे हो, पण ॲशसारखा वाटत नाही," असं त्यानं खुद्द ॲशच्या आवाजाबद्दल मत दिलं.

शेवटच्या भागात पिजिऑट परत आला.

हे सांगताना त्याची तक्रारवही मिटते. आवाज बसतो, आणि ज्याला सांगतोय त्याच्या गुडघ्यावर तो हात ठेवतो. मामांच्याही ठेवला होता. "आले बरं का. विसरले नव्हते." ॲश विसरला नव्हता की लिहिणारे विसरले नव्हते, हे त्याला नेमकं सांगता येत नाही. चोवीस वर्षं लोक पत्रं लिहीत होते, वाद घालत होते, ते कुणीतरी वाचत होतं एवढं त्याला पुरतं. ॲश पिकाचूला घेऊन पुन्हा चालायला लागतो आणि मालिका संपते. त्या रात्री हा दोन वाजेपर्यंत गॅलरीत उभा होता. डास चावले म्हणून आत आला, असं तो सांगतो.

खरं म्हणजे पिजिऑटचा मूळ निरोप त्यानं लहानपणी पुरता पाहिलेलाच नव्हता. तेव्हा हे कुटुंब सांगलीत, गावभागातल्या एका वाड्यात राहायचं. केबलचा रंगीत टीव्ही एकट्या काकूंकडं. शाळा सुटली की वाड्यातली पाच-सहा पोरं त्यांच्या फरशीवर ओळीनं, मधे भडंगाची परात. काकू पाठमोऱ्या बसून वाती वळायच्या आणि मधेच विचारायच्या, "तुमचा पिवळा उंदीर जिंकला का रे?" हा चिडायचा. पिकाचूची अधिकृत जात 'उंदीर पोकेमॉन' अशीच नोंदलेली आहे हे त्याला फार पुढं कळलं. त्याही पुढं कळलं की ज्यांनी पिकाचू काढला त्या अत्सुको निशिदा यांच्या मनात खार होती. काकूंचं निम्मं बरोबर होतं, एवढं तो हल्ली मान्य करतो.

पिजिऑट मान वर करून ॲशकडं बघतोय, ॲश तोंड उघडतोय, आणि वीज गेली. भारनियमन. परत आली तेव्हा पडद्यावर दुसराच कार्यक्रम. तेव्हा ॲश नक्की काय म्हणाला यावर वाड्यात आठवडाभर दोन तट होते. काकूंनी निकाल दिला, "येतो म्हणाला असेल. जातो असं म्हणतं का कुणी?"

२००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. काकूंचा टीव्ही माळ्यावर चढवताना खालून धरणाऱ्यांत हाही होता, म्हणजे टीव्हीची वायर याच्या हातात होती. पुढल्या वर्षी वडिलांची पुण्याला बदली झाली. टेम्पोत सामान चढलं. काकूंच्या पाया पडून, भडंगाची पिशवी घेऊन हा काय म्हणाला असेल?

हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बायकोच्या आलं. एप्रिलमधल्या एका रविवारी ती मेथी निवडत होती आणि तो फोनवर कुणाला तरी चोवीस वर्षांचा हिशोब ऐकवत होता. फोन ठेवल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "आणि तू सांगलीला किती वर्षांनी जाणार आहेस रे? सतरा झाली." त्यानं उत्तर दिलं नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि मग सोफ्यावर चारिझार्डासारखा आडवा झाला.

पुढल्या शनिवारी पहाटे तो स्वारगेटला होता. एसटीनं सांगली पाच-सहा तास. तिथं काय झालं हे त्यानं एरवीसारखं रंगवून सांगितलं नाही; दोन-तीन वेळा आडूनआडून विचारल्यावर तुकडे हाती आले. वाड्याचा पुढचा भाग पाडलाय. काकूंना आधी ओळख पटली नाही. २०१९ च्या पुरानंतर त्या माळ्यावरच्या वस्तू आणि माणसं यांचा हिशोब ठेवत नाहीत म्हणाल्या. मग "उंदीरवाला का तू?" असं विचारलं. जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर यानं, कुणी न विचारता, अकरा भागांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मिस्टीपर्यंत काकू हुंकार देत होत्या. ब्रॉकचं लग्न अजून झालं नाही यावर त्या हळहळल्या. पिजिऑट यायच्या आधीच त्यांना डोळा लागला.

हा तिथंच फरशीवर बसून राहिला. टीव्ही नवा, चपटा, पण खालचं लाकडी टेबल जुनंच. त्याचा एक पाय आखूड होता, तेव्हाही होता. त्याखाली काहीतरी सरकवलेलं दिसलं म्हणून तो वाकला. टॅझो. दोन एकावर एक, वरचा पार पांढरा पडलेला, त्यावरचं चित्र कुठलं ते काही केल्या कळेना. नखानं घासून पाहिलं, मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. अल्बममध्ये चार जागा अजून रिकाम्या आहेत हे इथं सांगायला हवं. काढला असता तर टीव्ही डुगडुगला असता. त्यानं तो तसाच ठेवला. या माणसाबद्दल काही बरं लिहायचं तर एवढंच सापडतं, आणि ते पुरेसं आहे असं म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

चहा झाला. निघताना काकू दारापर्यंत आल्या. "ये रे परत."

"येतो काकू. गणपतीत. तेवीस सप्टेंबर, शनिवार. साडेबारापर्यंत पोचतो."

काकूंनी त्याच्याकडं जरा पाहिलं. मग आत जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, पानं उलटत सप्टेंबरवर आल्या आणि शिसपेन्सिल शोधायला लागल्या. त्या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहे. विचारलं तर दाखवतो, न विचारता जास्त दाखवतो. तेवीसच्या चौकोनात थरथरत्या अक्षरांत लिहिलंय, 'उंदीर. जेवायला.' आणि खाली कंसात, 'भडंग आणणे.'