पाणी चढायच्या आत सीपीयू बदला : नवशिक्यांसाठी कृती

आधी पात्रता तपासू. तुम्ही कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या आसपास एखाद्या ऑफिसात अकाउंट्स बघता, आणि एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दाखवलात म्हणून मालकांनी सर्व्हरही तुमच्याच गळ्यात घातलाय. एवढं शिक्षण पुरे.

साहित्य : तळमजल्यावर नवा सर्व्हर, वरच्या मजल्यावर २०१२ सालच्या प्रोसेसरचा जुना, दोन्हींवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स. खालच्यात बिलिंगचं व्हर्च्युअल मशीन. शिवाय जुलै महिना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ च्याही वर गेली होती. तेव्हापासून ‘पाणी आलं की मशीन चालू ठेवूनच वर सरकवायचं’ ही योजना मालकांना तोंडपाठ आहे.

आता त्या मशीनच्या सेटिंगमध्ये सीपीयूच्या प्रकारांची यादी उघडा. तिथे ‘होस्ट’ नावाचा प्रकार आहे, तो निवडा. खालच्या प्रोसेसरात जे जे आहे ते सगळं मशीनला जसंच्या तसं दिसेल. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून दिलेला एव्हीएक्स-२ हा आज्ञासंचसुद्धा. मशीन पळायला लागतं. नाद खुळा! बिलं मात्र पूर्वीइतक्याच वेळात निघतात, कारण ती मालकांच्या सहीसाठी थांबलेली असतात.

मग पाणी चढतं, तुम्ही ‘मायग्रेट’ दाबता, मशीन वर जातं आणि तिथे आडवं होतं.

कारण असं. प्रोग्राम सुरू होताना सीपीयूला एकदाच विचारतो, ‘तुला काय काय येतं?’ उत्तर ऐकून तो आपली वाट ठरवतो. पुन्हा विचारायच्या भानगडीत पडत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवानाने पंचांना विचारून ढाक मारायचं ठरवावं, आणि त्याने बगल धरल्यावर पंचांनी ‘ढाक बंद’ म्हणावं, तसं हे. वरच्या सर्व्हरला एव्हीएक्स-२ ठाऊकच नाही. त्यातली आज्ञा आली की तो ‘अवैध’ म्हणतो आणि प्रोग्राम मरतो.

तेव्हा मशीन दोन्हीकडे फिरवायचं असेल तर प्रकार जुन्या सर्व्हरला झेपेल तोच निवडायचा. प्रॉक्समॉक्समध्ये त्यासाठी ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ आहे. व्हीएमवेअरवाले याच कामासाठी ईव्हीसी लावतात. नव्या सर्व्हरचे थोडे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, वाटू द्या. आणि एक सर्व्हर इंटेलचा, दुसरा एएमडीचा असेल तर चालू मशीन सरकवायचा विचारच सोडा.

आता जरा वरच्या वर्गाचा धडा, कारण खरी अक्कल इथे आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये हॅसवेलच्या टीएसएक्स या सोयीत दोष निघाला आणि इंटेलने मायक्रोकोड देऊन ती बंद केली. प्रॉक्समॉक्सच्या पोटात मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये ‘हॅसवेल’ नावाचा सीपीयू होता, टीएसएक्ससकट. त्यातून ती सोय गुपचूप काढली, तर त्याच नावावर चालणाऱ्या जुन्या मशीनचा सीपीयू पाठीमागून बदलणार. म्हणून ‘हॅसवेल-नोटीएसएक्स’ असा वेगळा प्रकार यादीत आला आणि जुनं नाव जुन्याच अर्थाने राहिलं. २०२३ मध्ये प्रॉक्समॉक्स ८ ने तेच केलं. स्क्रीनवरून नवं मशीन बनवलं की ते व्ही२-एईएस घेतं, पण ज्या जुन्या मशीनला सीपीयूचा प्रकार लिहिलेलाच नाही ते पूर्वीसारखं ‘केव्हीएम६४’ या जुन्या प्रकारावरच चालतं. तुम्हीही मशीन बनवायचं टेम्प्लेट बदलणार असाल तर जुन्याला हात न लावता दुसऱ्या नावाने नवं बनवा. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-खरं’ ही नावं आपल्या ऑफिसात आधीच संपलेली असतात, तेव्हा तारीख टाका.

सीपीयूचा प्रकार बदललात की मशीन आतून रीस्टार्ट करू नका. त्याने काही होत नाही. बाहेरची क्यूईएमयू प्रक्रिया जुनाच सीपीयू दाखवत राहते. पूर्ण शटडाउन, मग स्टार्ट. चालू स्थितीतला, रॅमसकट घेतलेला स्नॅपशॉट असेल तर तोही जुन्या सीपीयूशी बांधलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि काढून टाकलेली सोय कोणाला लागत होती का ते आधी बघा : मोंगोडीबी ५.० ला एव्हीएक्स लागतं, नाहीतर ते उठतच नाही.

हे सगळं मे महिन्यात करायचं. जुलैत ४३ फुटांची बातमी आल्यावर ही कृती हातात पडली असेल तर सेटिंगला शिवू नका. मशीन शटडाउन करा आणि बंद अवस्थेतच वरच्या सर्व्हरवर न्या. तिथे सुरू होताना ते पहिल्यापासून विचारतं, उत्तर नवं मिळतं, आणि बिलिंगसारखं साधं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मुकाट्याने चालतं. तेवढ्या अर्ध्या तासात मालक विचारतील, ‘बंद का केलंस रे?’ कपाटातलं कार्बनवालं बिलबुक त्यांच्यापुढे ठेवा.